बेसबॉलचा ऑफसीझन, ट्रेडच्या अफवा आणि फ्री एजंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची (एमएलबी) फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीज, संपली की खेळ बंद, पण खऱ्या बातम्या तेव्हाच सुरू होतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसतं कोण कुठे चालला, किती घेतले, कोणाच्या बदल्यात कोण (हाच ट्रेड). पुण्या-नाशकात बसून फॉलो करणारे आणि इकडे अमेरिकेत न्यू जर्सीत, बे एरियात नव्याने नाद लागलेले, दोघांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून टाकतो. मी मेट्सवाला, म्हणजे न्यूयॉर्क मेट्स या टीमचा चाहता आहे, त्यामुळे थोडं झुकतं माप धरून चाला.

सीझन संपला ना, मग चार महिने हे चाललंय तरी काय?

खरेदी-विक्री. वर्ल्ड सिरीज संपल्या संपल्या करार संपलेले खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळे, होतात, पण नव्या टीमबरोबर सही करायला ५ दिवस थांबावं लागतं. नोव्हेंबरात कोणाला ठेवायचं कोणाला सोडायचं ते ठरतं, डिसेंबरात विंटर मीटिंग्ज, म्हणजे सगळ्या टीमचे जीएम (टीम बांधणारे जनरल मॅनेजर), एजंट आणि वार्ताहर एकाच हॉटेलात चार दिवस, आणि फेब्रुवारीत पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सरावाच्या कँपला, म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंगला, हजर. २०२४ ला मीटिंग्ज डॅलसला होत्या आणि त्या धड सुरू व्हायच्या आत रविवारी रात्री मेट्सने फटकेबाज हुआन सोटोला घेतल्याची बातमी फुटली, भारतात सोमवारची सकाळ, लोक चहाबरोबर आकडा वाचतायत आणि शून्य मोजतायत.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे फ्री एजंटला सही करायची अशी कुठली शेवटची तारीखच नाही. त्यामुळे घोळ लांबतो. ब्राइस हार्परसारखा माणूस २०१९ चा फेब्रुवारी संपत आला तरी बिनटीमचा होता, कँप सुरू होऊन गेले होते, मग फिलाडेल्फिया फिलीजने १३ वर्षं ३३ कोटी डॉलर दिले तेव्हा एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

आयपीएलसारखा लिलाव होतो का?

नाही. आणि हाच मोठा फरक आहे. आयपीएलमध्ये सगळं टीव्हीसमोर, पॅडल वर गेलं की सगळ्या देशाला कळतं, ऋषभ पंतला नोव्हेंबर २०२४ मध्ये लखनौने २७ कोटी रुपये दिले ते आपण लाइव्ह बघितलं. वर प्रत्येक टीमच्या खिशाला मर्यादा. इथे मर्यादा नाही आणि पॅडलही नाही, सगळं बंद दाराआड, एजंट एका टीमला फोन करून म्हणणार की दुसरी टीम एवढे देतेय, आणि ती दुसरी टीम खरंच आहे का हे पहिलीला कळायला मार्ग नाही. अफवांचं पीक येतं ते यामुळेच. २७ कोटी रुपये म्हणजे तेव्हाचे साधारण ३२ लाख डॉलर, तेवढ्यात इथे एखादा बऱ्यापैकी बॅकअप कॅचर येईल.

फ्री एजंट व्हायला ६ वर्षं लागतात म्हणतात, ती कुठली ६ वर्षं?

मेजर लीगमधली, आणि ती दिवसांवर मोजतात. १७२ दिवस मेजर लीगच्या रोस्टरवर (टीमच्या यादीवर) किंवा जखमींच्या यादीत काढले की एक वर्ष धरतात. अशी ६ झाली आणि हातात करार नसेल तर मोकळा. तोवर ज्या टीमने घेतलंय तिचाच, तिने विकलं तर विकला.

आता यात पाणी कुठे मुरतं ते बघा. २०१५ ला शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट, स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये धुमाकूळ घातला होता, सगळ्यांना दिसत होतं की पोरगा तयार आहे, तरी सीझनच्या सुरुवातीला त्याला मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवलं आणि १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षाच्या शेवटी दिवस किती भरले? १७१. एक दिवस कमी! म्हणजे कब्जला तो आख्खं एक वर्ष जास्त मिळाला. त्याच वर्षी तो रुकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला हे वेगळंच. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल विरोधात गेला. टीमचं म्हणणं काय तर त्याचं फील्डिंग कच्चं होतं. बरं.

मग त्या ६ वर्षांत पगार किती?

पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगार, २०२६ साठी तो ७ लाख ८० हजार डॉलर आहे. नंतर आर्बिट्रेशन, म्हणजे खेळाडू एक आकडा सांगतो, टीम दुसरा, आणि जमलं नाही तर लवाद दोनपैकी एकच निवडतो, मधला नाही. सुनावणीत आपलीच टीम आपल्यासमोर आपण किती वाईट खेळतो ते पुराव्यानिशी सांगत असते, त्यामुळे बहुतेक जण आधीच मिटवतात.

हे फ्री एजंट वगैरे आधीपासून होतं का?

छे. जवळपास शंभर वर्षं खेळाडू टीमला जन्माचा बांधलेला असायचा, करारात एक रिझर्व्ह क्लॉज असायचा तो टीम दरवर्षी पुढे ढकलायची. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलीजकडे ट्रेड केलं. १२ वर्षं तिथे काढलेली, दोन वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या. तो म्हणाला जाणार नाही. २४ डिसेंबरला लीगच्या प्रमुखाला, म्हणजे कमिशनरला, पत्र लिहिलं की मी काही विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७२ ला ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला, करिअर तिथेच गेलं. पण वाट मोकळी झाली होती. डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला, करार न करता एक वर्ष खेळलात की तुम्ही मोकळे. मालकांनी काय केलं? साइट्झलाच काढून टाकलं. 😄 निकाल मात्र टिकला.

पुढे ऐंशीच्या दशकात मालकांनी आपसात अळीमिळी गुपचिळी केली की कोणी दुसऱ्याच्या फ्री एजंटला हातच लावायचा नाही, चांगले चांगले खेळाडू बाजारात उभे आणि ऑफर शून्य. ते पकडलं गेलं आणि १९९० ला २८ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. म्हणून आजही बाजार जरा थंड पडला की खेळाडूंच्या युनियनवाले लगेच संशयाने बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

ओहतानीला ७० कोटी आणि सोटोला ७६.५ कोटी, मग जास्त कोणाला?

सोटोला, आणि बऱ्यापैकी जास्त. शोहेई ओहतानी म्हणजे बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा जपानी खेळाडू, त्याचा लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबरचा करार डिसेंबर २०२३ चा, १० वर्षं ७० कोटी डॉलर, पण त्यातले ६८ कोटी नंतर मिळणार, २०३४ ते २०४३, बिनव्याजी. खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख. आजच्या किमतीत बघितलं तर ते साधारण ४६ कोटींचं काम आहे. त्याला चालतं कारण जाहिरातींतूनच त्याला भरपूर मिळतं, आणि ही उधारीची कल्पना त्याच्याच बाजूने आली होती. सोटोचा मेट्सबरोबरचा करार १५ वर्षांचा, पैसा पुढे ढकलायचा प्रकार अजिबात नाही, वर साडेसात कोटी सहीचा बोनस. ५ वर्षांनी सोडून जायची मुभा आहे, पण मेट्सने उरलेल्या दहा वर्षांना दरवर्षी ४० लाख वाढवून दिले तर तीही जाते, मग एकूण ८० कोटी ५० लाख.

उधारी ही नवी नाही. बॉबी बोनिया २००१ नंतर खेळलेला नाही, तरी मेट्स त्याला दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर देतात, २०११ पासून २०३५ पर्यंत. मेट्सवाले हा दिवस साजरा करतात, दुसरं काय करणार.

या अफवा पसरवतं तरी कोण?

ज्याला फायदा आहे तो. आधी हे विचारायचं आणि मगच बातमी वाचायची. एजंटला भाव चढवायचाय, म्हणून तो एखाद्या वार्ताहराकडे पुडी सोडणार की अजून तीन टीम रेसमध्ये आहेत, त्यातली एक गूढ टीम, जिचं नाव कधीच बाहेर येत नाही. बडा एजंट स्कॉट बोरास, त्याचे क्लायंट असले की ही गूढ टीम हमखास असते. (कधी कधी ती खरी निघते, म्हणूनच तर धंदा चालतो.) जीएमला चाहत्यांना दाखवायचंय की आम्ही प्रयत्न केला, म्हणून खेळाडू दुसरीकडे गेल्यावर बरोब्बर बातमी येते की आमची टीम अगदी थोडक्यात मागे राहिली. दुसऱ्या स्थानाला काही मिळत नाही, पण सीझन तिकीटवाले जरा शांत होतात. आणि ट्रेडमध्ये तर समोरच्याला घाई करायला लावायला तिसऱ्या टीमचं पिल्लू सोडणं हे जुनं हत्यार आहे.

भाषा पण ओळखायला शिका. "रस आहे" याला काही अर्थ नाही, तीसच्या तीस टीमना ओहतानीत रस असतो. "चौकशी केली" म्हणजे एक फोन केला. "चर्चा पुढे गेली" इथून कान टवकारा. "समझोता झाला, फिजिकल (डॉक्टरी तपासणी) बाकी" म्हणजे बहुतेक झालं, पण बहुतेकच.

रोझेंथल, पासन असे दोन-तीन मोठे वार्ताहर आहेत, त्यांनी तोलून-मापून लिहिलेलं वाक्य बहुतेक वेळा खरं निघतं. बाकी एक्सवरची (ट्विटर) निळी टिक आता कोणीही विकत घेतो, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे करून पासनच्या नावाची खोटी अकाउंट चालतात आणि दर डिसेंबरात शेकडो लोक फसतात.

ते ओहतानीच्या विमानाचं काय प्रकरण होतं?

हे ज्याने लाइव्ह बघितलं तो विसरणार नाही. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. ओहतानी कुठे जाणार कोणाला माहीत नाही, त्याच्या बाजूने सगळं गुपित ठेवलेलं. टोरंटो ब्लू जेज रेसमध्ये आहेत एवढं कळलेलं. आणि कोणाला तरी विमानं ट्रॅक करायच्या साइटवर दिसलं की दक्षिण कॅलिफोर्नियातून एक खासगी जेट टोरंटोला निघालंय. झालं! हजारो लोक नकाशावरचा तो पिवळा ठिपका सरकताना बघत बसले. त्यात एक बातमी आली की ओहतानीने टोरंटो निवडलं, एका नावाजलेल्या वार्ताहराने लिहिलं की तो आजच टोरंटोला निघालाय, कोणी सांगतंय की स्टेडियमजवळच्या सुशीच्या हॉटेलात पन्नास जणांचं बुकिंग झालंय. टोरंटोच्या विमानतळावर कॅमेरे पोचले.

विमान उतरलं, दार उघडलं आणि बाहेर आला रॉबर्ट हर्जावेक, शार्क टँकमधला तो कॅनडाचा उद्योगपती, बरोबर कुटुंब. ओहतानी आपला कॅलिफोर्नियातच घरी होता. वार्ताहराने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी शनिवारी ओहतानीने स्वतः इन्स्टाग्रामवर डॉजर्सचा लोगो टाकला आणि विषय संपला.

मला यात गंमत वाटते ती ही की त्या ठिपक्यामागे कोणी एजंट नव्हता, कोणाचा फायदाही नव्हता. लोकांनी स्वतःच बाजारात तुरी असताना घर वाटून घेतलं.

त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क यँकीजच्या ॲरन जजचंही असंच, डिसेंबर २०२२ मध्ये एका मोठ्या वार्ताहराने घाईघाईत लिहिलं की तो सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे चाललेला दिसतोय, त्यात ॲरनचं आर्सन झालं, म्हणजे जाळपोळ. काही मिनिटांत ते डिलीट. तेवढ्यात सॅन फ्रान्सिस्कोत जल्लोष होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी जज यँकीजकडेच राहिला, ९ वर्षं ३६ कोटी. आर्सन जजचे टीशर्ट मात्र आले.

फिजिकल बाकी आहे म्हणजे काय, ते फॉर्मॅलिटीच असते ना?

कार्लोस कोरेयाला विचारा. डिसेंबर २०२२, जायंट्सबरोबर ठरलं, १३ वर्षं ३५ कोटी. २० तारखेला प्रेस कॉन्फरन्स ठेवलेली, कुटुंब शहरात आलेलं, आणि सुरू व्हायच्या तीनेक तास आधी ती पुढे ढकलली. डॉक्टरांना त्याच्या उजव्या पायाच्या रिपोर्टमध्ये काही तरी खटकलं, २०१४ मध्ये मायनरमध्ये असताना पाय मोडला होता आणि तिथे प्लेट बसवलेली आहे. त्याचा एजंट बोरास थांबला का? त्याच रात्री मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन हवाईत सुट्टीवर, त्यांच्याशी बोलून १२ वर्षं साडेएकतीस कोटी पक्के. सकाळी उठून बघतो तर आमच्या तिसऱ्या बेसवर कोरेया. मग मेट्सच्या डॉक्टरांनी तोच पाय बघितला आणि घोडं परत तिथेच अडलं. शेवटी जानेवारीत तो परत मिनेसोटा ट्विन्सकडेच गेला, ६ वर्षं २० कोटींची हमी. म्हणजे एका प्लेटमुळे १५ कोटी डॉलरची हमी गेली, आणि मेजर लीगमध्ये तो त्या मोडलेल्या हाडामुळे तोवर एक दिवसही बाहेर बसला नव्हता, असं बोरासचं म्हणणं.

एमएलबीत कराराचे पैसे हमीचे असतात, खेळाडू मोडून पडला तरी द्यावेच लागतात, त्यामुळे १३ वर्षांची सही करायच्या आधी एमआरआयवर भांडण होणं साहजिक आहे. ट्रेडमध्येही हेच. मुकी बेट्स २०२० च्या फेब्रुवारीत बॉस्टनहून डॉजर्सकडे गेला तो सौदा आधी तीन टीमचा होता, ट्विन्सच्या एका पिचरचे रिपोर्ट बॉस्टनला पटले नाहीत म्हणून तो फिसकटला आणि नव्याने बांधावा लागला.

खेळाडूला न विचारता ट्रेड करतात? हे बरोबर आहे का?

करतात. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. अपवाद दोन, करारात नो-ट्रेड क्लॉज असेल तर, किंवा मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची सलग ५ याच टीमकडे झाली असतील तर तो नकार देऊ शकतो. हा दुसरा नियम फ्लडच्या लढाईनंतरच आला.

विल्मर फ्लोरेसचं सांगतो, हे ऑफसीझनचं नाही, जुलैमधलं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६ व्या वर्षी मेट्सने व्हेनेझुएलाहून घेतलेला पोरगा. २९ जुलै २०१५, मॅच चालू, प्रेक्षकांना फोनवर कळलं की फ्लोरेसला मिलवॉकीकडे ट्रेड केलंय, तो बॅटिंगला आला तर लोक उभं राहून टाळ्या वाजवतायत आणि त्याला कळेना का. मग कळलं. डगआउटमधून कोणी त्याला काही सांगितलेलं नाही, कारण मॅनेजरलाही माहीत नव्हतं. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये) उभा राहून बाहीने डोळे पुसत होता, टीव्हीवर सगळं दिसत होतं. आणि नंतर समोरच्या खेळाडूच्या मेडिकलवरून तो ट्रेड रद्दच झाला! दोन दिवसांनी ३१ जुलैला नॅशनल्सविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये याच फ्लोरेसने होमरन मारून मॅच जिंकली, होम प्लेटकडे येताना छातीवरचं मेट्स लिहिलेलं पकडून दाखवत आला. मी ती क्लिप अजूनही बघतो.

आणि हो, "नंतर नाव सांगू" असाही एक खेळाडू ट्रेडमध्ये असतो, ६ महिन्यांत नाव द्यायचं. १९६२ मध्ये मेट्सने क्लीव्हलँडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर असाच घेतला, आणि नंतर द्यायच्या खेळाडूच्या जागी हॅरी चिटीलाच परत पाठवला. स्वतःच्याच बदल्यात ट्रेड झालेला माणूस.

जपानचे खेळाडू पोस्टिंगने येतात, ते काय?

जपानमधला करार चालू असताना तिथली टीम खेळाडूला सोडायला तयार झाली तर त्याला पोस्ट करतात, मग ४५ दिवसांत इथे करार करायचा. जुन्या टीमला वरून फी मिळते, पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर १५. योशिनोबू यामामोतोने इथे एक बॉलही टाकला नव्हता तेव्हा डॉजर्सने १२ वर्षं साडेबत्तीस कोटी दिले आणि ओरिक्स बफेलोजला वेगळे ५ कोटींच्या वर. पण २५ वर्षांखालचा असेल तर तो हौशी धरतात आणि पैसे एकदम तुटपुंजे, रोकी सासाकी जानेवारी २०२५ मध्ये २३ वर्षांचा असताना ६५ लाखांच्या बोनसवर आला. दोन वर्षं थांबला असता तर कोट्यवधी मिळाले असते. तो पण डॉजर्सकडेच, अर्थात.

सगळे डॉजर्सकडेच का जातात, यांना कोणी अडवत नाही?

लक्झरी टॅक्स आहे, अडवणूक नाही. २०२६ ला टीमच्या एकूण पगाराचा आकडा २४ कोटी ४० लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेवर टॅक्स, पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलात तर आणखी अधिभार. डॉजर्सने २०२४ साठी १० कोटींच्या वर नुसता टॅक्स भरला आणि वर्ल्ड सिरीज जिंकली, म्हणजे त्यांना परवडतं. चिडायचं असेल तर त्यांच्यावर कशाला, ज्या मालकांना लीगकडून वाटा मिळतो आणि तरी खर्च करत नाहीत त्यांच्यावर चिडा. हे म्हणणारा मी मेट्सवाला, आमचेही मालक हात आखडता घेत नाहीत, तेव्हा हेही जरा जपून वाचा.

डीएफए, नॉन-टेंडर, क्वालिफाइंग ऑफर?

पटकन. डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) म्हणजे ४० जणांच्या यादीतून काढलं, आता आठवडाभरात ट्रेड करा, सोडा किंवा मायनरमध्ये धाडा. नॉन-टेंडर म्हणजे आर्बिट्रेशनचा पगार द्यायला नको म्हणून नोव्हेंबरात सोडून दिलेला खेळाडू. क्वालिफाइंग ऑफर म्हणजे जुन्या टीमने दिलेली एक वर्षाची ठरलेली रक्कम, २०२६ साठी २ कोटी २० लाख २५ हजार, ती नाकारून गेला तर नव्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, फटका.

आपलं भारतीय कोणी?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, एका रिॲलिटी शोमधून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. मायनरच्या पुढे कोणी गेलं नाही. क्रिकेटवाला रिंकू वेगळा, हा पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत वीर महान झाला. टेक्सास रेंजर्सचा पिचर कुमार रॉकर, त्याची आई भारतीय वंशाची. त्यालाही २०२१ च्या ड्राफ्टमध्ये मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडून मेडिकलवरून करार नाकारला होता, पुढच्या वर्षी रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला.

२०२६ च्या डिसेंबरबद्दल सगळे घाबरलेत ते का?

खेळाडूंची युनियन आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना पगारावर पक्की मर्यादा हवी, युनियनला ती मेलं तरी नको. मागच्या वेळी डिसेंबर २०२१ ला टाळं (लॉकआउट) लागलं ते ९९ दिवस. तेवढे दिवस मेजर लीगचा एक करार नाही, एक ट्रेड नाही, टीमला खेळाडूंशी बोलायलाही बंदी, लीगच्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटोसुद्धा काढून टाकलेले. टाळं लागायच्या आधी मात्र झुंबड उडते, तेव्हा कोरी सीगरचे साडेबत्तीस कोटी आणि मॅक्स शर्झरचे १३ कोटी असेच शेवटच्या दोन-तीन दिवसांत झाले होते.

नव्या खेळाडूची जर्सी कधी विकत घेऊ?

प्रेस कॉन्फरन्समध्ये त्याने ती अंगावर चढवून बटणं लावली की. त्याआधी नाही, जायंट्सच्या कोरेयावाल्यांना विचारा. आणि नंबर पक्का होईपर्यंतही थांबा, तो आधीच कोणाकडे असला की वेगळा सौदा होतो. ओहतानीला डॉजर्समध्ये १७ हवा होता, तो जो केलीकडे होता, त्याने दिला, आणि थोड्या दिवसांनी केलीच्या बायकोच्या दारात ओहतानीकडून एक पोर्शा येऊन उभी राहिली. सोटोला मेट्समध्ये २२ हवा होता तर ब्रेट बेटीला शेव्हरोले टाहो मिळाली. बेटीचा आता ७ आहे, ज्यांच्याकडे जुनी २२ ची बेटीची जर्सी पडून आहे त्यांनी नाव उसवून सोटो शिवून घ्या, काम भागतं.